ताग गिरणीच्या कर्ण्याची कैफियत

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे, मित्रांनो. एका टोकाला तोंड लावायचे, दुसऱ्या टोकातून आवाज बाहेर. माझ्यात ना तार, ना वीज. हुगळीच्या, म्हणजे इथल्या गंगेच्या, काठावरच्या एका ताग गिरणीत, कचेरीच्या वरच्या मजल्यावर, सज्जाच्या दाराशेजारी खिळ्याला मी लटकतो. येणारे-जाणारे म्हणतात, "हे भंगार अजून ठेवलंय कशाला?" म्हणोत बापडे. भंगाराला तोंड असते तर त्यांची पळता भुई थोडी झाली असती. आज तुम्ही तरुण मंडळी समोर बसला आहात, तर ऐका. गोष्ट गोड नाही, आधीच सांगतो.

माझा जन्मच मारहाणीत झाला. हावड्याच्या एका गल्लीत निताई कर्मकार नावाच्या पत्रेवाल्याने मला कातरीने कापले, वाकवले, हातोड्याने बडव बडव बडवले आणि तापल्या डाखाने चटका देऊन जोडले. प्रत्येक घावाला तो आपल्या एकेका मेव्हण्याला शिवी हासडत असे. मेव्हणे बरेच असावेत, कारण मी चांगला मजबूत निघालो. मग त्याने मला तोंडाला लावले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडून चहा मागवला. चहा लगेच आला. त्या दिवशी मला वाटले, आपले आयुष्य सोपे आहे.

मला गिरणीत आणले ते भादुडीसाहेबांनी. ते तेव्हा मॅनेजर होते. जाडजूड देह, दम्याचा त्रास, आणि तोंड असे की गंगेने धुतले तरी स्वच्छ होऊ नये. पण त्यांचे बोलणे म्हणजे रोखठोक काम. वाईट काही घडले की ते धापा टाकत सज्जात यायचे, मला तोंडाला लावायचे आणि कोणाला काय झाले, त्याला कुठे नेले आणि सोबत कोण गेले हे एका दमात सांगून मोकळे व्हायचे. ठाऊक नसेल ते "ठाऊक नाही, कळलं की सांगतो" म्हणायचे, आणि कळले की खरोखर पुन्हा सज्जात यायचे.

एकदा तागाच्या गोदामाला आग लागली. ताग पेटला म्हणजे आधी धूर, मग एकदम ज्वाळा. आत माणसे होती आणि धुरात सगळे एकाच दाराकडे धावत होते, एकमेकांना तुडवत होते. एकाच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. भादुडीसाहेब गोदामाच्या भिंतीला लागून उभे राहिले आणि माझ्यातून गरजले, "दार सोडा रे गाढवांनो! डावीकडं वळा, नदीकडची भिंत फोडलीय!" माझा पत्रा तापून त्यांचा ओठ भाजला, पण त्यांनी मला खाली घेतले नाही. माणसे डावीकडे वळली आणि केस जळलेली, खोकत-ओकत, पण जिवंत बाहेर पडली. कारण त्या आवाजाने आजवर त्यांना फसवले नव्हते. पुढे कितीतरी दिवस मजूर माझ्याकडे बोट दाखवून आपल्या पोरांना सांगत, "हाच तो." मीही फुशारून जात असे.

आता या गिरणीची एक रीत सांगतो. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. गिरणीत कोणी मेले तर सगळी यंत्रे थांबतात. कोणी जखमी झाले तर फक्त त्याचे यंत्र थांबते, बाकीचा खडखडाट चालूच राहतो. त्यामुळे गिरणीमागच्या कुली लाइनीत, म्हणजे मजुरांच्या चाळींत, भात रांधणाऱ्या बायकासुद्धा कान गिरणीकडे लावूनच रांधत. खडखडाट चालू आहे म्हणजे आपले कुंकू शाबूत आहे. आणि जखमी माणूस नेहमी पुढच्या फाटकाने बाहेर जायचा, तोंड उघडे ठेवून, घरचे कोणीतरी सोबत घेऊन. त्याचा श्वास चाललेला चार डोळ्यांना दिसला की लोक हळहळून परत कामाला लागत. मागच्या जेटीवरून फक्त तागाच्या गासड्यांची ये-जा होती.

भादुडीसाहेब निवृत्त झाले आणि बक्षीसाहेब आले. माणूस दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. नीटनेटका, हळू बोलणारा, सकाळी सगळ्यांना आधी नमस्कार करणारा. पण त्यांची एक पक्की समजूत होती की बातमी ही औषधासारखी असते. ती वरून खाली थेंबथेंब द्यावी, आणि तीही कलकत्त्याच्या मोठ्या कचेरीने मापून दिलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बघून नाक मुरडले. "ही काय जत्रा आहे का, ओरडायला?" मी खिळ्यावर गेलो. माझ्या तोंडात कोळ्याने जाळे विणले आणि एका रंगाऱ्याने आपले ब्रश खोचून ठेवले. दुर्लक्ष कसे असते ते तेव्हा कळले.

त्यांच्या हाताखाली घोषालबाबू होते, शिवतोष घोषाल. मजुरांचे सगळे प्रश्न बघणारे, म्हणून सगळे त्यांना लेबरबाबू म्हणत. भादुडीसाहेबांच्या काळापासून इथेच, त्यामुळे रीतभात सगळी ठाऊक. मनाने लोण्यासारखा माणूस. पण कोणाला कडू घोट द्यायचा म्हटले की ते हमखास पाय मागे घ्यायचे. वरच्याला सांगताना ते बातमीचे काटे काढत आणि खालच्याला सांगताना तिच्यात साखर घालत. गिरणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर हाराधन पाल, म्हणजे त्यांचा हारुदा, त्यांना तोंडावर म्हणायचा, "घोषालबाबू, तुमचं बोलणं म्हणजे आमच्या दवाखान्यातलं मिक्श्चर. निम्मं पाणी, आणि वर पुन्हा हलवून घ्या!"

"अहो हारुदा, माणसाचं मन राखावं लागतं."

"मन राखा हो. पण जखमेवर फुंकर घालून रक्त थांबत नाही, हेही लक्षात ठेवा."

दोघे रोज दुपारी एकत्र मुढी, म्हणजे चुरमुरे, खात. एकाच कागदातली, हिरवी मिरची चावत. मी वरून बघत असे.

मग ती दुपार आली. पिंजणयंत्रावर रामाशीष महतो नावाचा बिहारकडचा मजूर होता. यंत्रात तागाचा गुंता अडकला, तो ओढायला त्याने हात घातला आणि काटेरी रुळाने हात धरला. बोटे, मनगट, कोपर. त्याची किंकाळी खडखडाटावरून मला वर ऐकू आली. हात सोडवायला यंत्र थांबवून रूळ उलटा फिरवावा लागतो. घाबरलेल्या मिस्त्रीने त्या यंत्राऐवजी सगळ्या गिरणीची कळ दाबली. सगळी यंत्रे थांबली.

मित्रांनो, अशी शांतता तुम्ही ऐकलेली नसेल. लाइनीतल्या बायकांच्या हातातल्या पळ्या तिथेच थांबल्या असतील.

हारुदाने रामाशीषचा दंड आवळून बांधला. हाताचा नुसता चिंधडा झाला होता, पण जीव होता. घोषालबाबू धावत वर आले. त्यांच्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे होते.

"सर, हात गेला. माणूस जगेल, हारुदा म्हणतायत. लगेच पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात न्यायला हवं."

बक्षीसाहेब पांढरे पडले, पण आवाज शांत ठेवून म्हणाले, "जेटीवरून न्या. पुढून नेलं तर लोक बिथरतील. नावेत कंपाउंडर एकटा पुरे. आणि यंत्रं आता बंदच राहू द्या. वीज गेली म्हणून सांगा, सगळ्यांना घरी पाठवा. तेवढ्यात मी कलकत्त्याला विचारतो, पुढं काय बोलायचं ते."

घोषालबाबूंचे ओठ हलले. "सर, इथली पद्धत जरा…"

"काय?"

एक वाक्य हवे होते. यंत्रे बंद म्हणजे मयत, सर; आणि माणूस मागच्या दाराने गेला म्हणजे लपवला. लहान पोरानेही सांगितले असते. पण साहेबांच्या कपाळावरची आठी बघून घोषालबाबूंनी ते नेहमीसारखे गिळले. "नाही, विशेष काही नाही. बघून घेतो मी," ते म्हणाले. असा संताप आला मला! पण खिळ्यावरच्या पत्र्याचा संताप कोण विचारतो?

नाव सुटली. इकडे फाटकातून, लाइनीतून, विणकामाच्या तांतघरातून माणसे अंगणात जमली. सगळ्यांत पुढे रामाशीषची बायको फुलमतिया होती, पदर खांद्यावरून घसरलेला, हातांना पीठ. तिच्यामागे तिचा भाऊ सुखारी, तांतघरातला धिप्पाड गडी. जेटीकडे जायच्या जाळीच्या दाराला कुलूप होते.

"लेबरबाबू!" ती खालून ओरडली. "माझा माणूस आतून बाहेर आला नाही! फक्त एवढं सांगा, आहे का गेला?"

घोषालबाबूंनी मला खिळ्यावरून काढले, ब्रश फेकले, जाळे पुसले. कित्येक दिवसांनी मला माणसाचा श्वास लागला. मला वाटले, आता हा बोलेल. त्यांनी मागे वळून बघितले. बक्षीसाहेब टेलिफोन कानाला लावून बसले होते, लागत नव्हता. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

आणि माझ्यातून शब्द बाहेर पडले, "मंडळी, शांत राहा. वीज गेल्यामुळं काम बंद आहे. काळजीचं कारण नाही. सगळ्यांनी घरी जावं."

सुखारीने हात वर करून दाखवले. घोषालबाबूंच्या मागे, उघड्या दारातून, साहेबांच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता.

"वीज गेली? मग तो पंखा काय तुझा बाप फिरवतोय?"

पहिली वीट माझ्या कडेला लागली, दुसरी घोषालबाबूंच्या गालफडाला. रक्त माझ्या नळीत उतरले. खाली फाटकाच्या दरवानाला लोकांनी खेचले, त्याची काठी त्याच्याच पाठीवर मोडली. कचेरीच्या काचा खळाखळा फुटल्या. वजनकाट्याची लोखंडी वजने भिरभिरत आली. जिन्याच्या तोंडावर दोन कारकून अडकले होते. त्यांना केस धरून खाली ओढले आणि लाथांनी तुडवले. कालपर्यंत एकमेकांना चुना-तंबाखू देणारी ही माणसे होती. बातमी नव्हती ना, म्हणून ज्याच्या तोंडी जे येईल ते खरे झाले. एक म्हणाला, रामाशीष मेला. दुसरा म्हणाला, तिघे मेले. तिसऱ्याने प्रेत पाहिले होते म्हणे, पोत्यात.

नेमकी त्याच वेळी नाव परत आली.

सज्जाच्या टोकाला गेले की जेटी दिसते. घोषालबाबूंनी बघितले, मीही त्यांच्या हातातून बघितले. नावेत नावाड्याखेरीज माणूस एकच, हारुदा. सदरा, धोतर, हात, सगळे रक्ताने माखलेले. जाळीच्या दारावर चढलेल्या कोणीतरी ते बघितले आणि तो किंचाळला, "प्रेत गंगेत टाकून आला रे!"

कुलूप एका धक्क्यात तुटले.

"सर, सांगू का?" घोषालबाबू दारात ओरडले. "ते हारुदाला मारतील, सर! सांगू का?"

टेलिफोन त्याच क्षणी लागला होता. बक्षीसाहेबांनी एक बोट वर केले. थांबा.

घोषालबाबू थांबले.

फार नाही थांबले. पण माणसाचा जीव जायला फार वेळ लागतोच असे नाही. नावाडी पाण्यात उडी टाकून पळाला. हारुदा जेटीच्या पायऱ्यांवर उभा होता, दोन्ही हात वर करून घसा फोडत होता, "जिवंत आहे! अरे जिवंत आहे! इस्पितळात…" पण हजार माणसांच्या ओरड्यात एका कृश माणसाचा घसा तो किती? ज्या कामासाठी मला घडवले ते काम तिथे पायऱ्यांवर होते, आणि मी इथे वर होतो, एका बोटाकडे बघत.

मग घोषालबाबूंचा धीर सुटला. ते जिन्यावरून कोसळत खाली आले, मला तोंडाशी धरून गर्दीत घुसले. "तो जिवंत आहे! मी सांगतो! रामाशीष जिवंत आहे! हारुदाने वाचवलंय त्याला!" मी माझा सगळा पत्रा थरथरवून तो आवाज पुढे ढकलला. सगळ्यांना ऐकू गेला, मित्रांनो, अगदी पायऱ्यांपर्यंत.

"हाच तो विजेवाला!" कोणीतरी म्हणाले. "आता हा खरं बोलतोय होय?"

आणि लोक हसले. मारता मारता हसले. ते हसणे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सुखारीने मला घोषालबाबूंच्या हातातून हिसकावले आणि त्यांना एका हाताने चिखलात लोळवले. पायऱ्यांवर हारुदाला चौघांनी धरले होते. तोंड फुटलेले, एक डोळा बंद. सुखारीने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून आणले. निताई कर्मकाराने मला मजबूत बनवले होते. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. हाड फुटलेले मला कळले. हारुदा पायरीवर बसला, मग आडवा झाला. वरून लाथा चालूच होत्या.

गर्दीच्या पायांतून रांगत फुलमतिया तिथपर्यंत आली. तिने त्याच्या सदऱ्याला धरले. "माझा माणूस कुठं टाकलास? बोल!"

हारुदाच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द आले. "काळी शेळी… आज व्यायची आहे म्हणाला. नावेत म्हणाला. तिला… उन्हात बांधू नको."

फुलमतियाचे डोळे विस्फारले. त्यांच्या घरातली गोष्ट होती ती. "थांबा!" ती अशी किंचाळली की काठ्या हवेतच राहिल्या. "जिता आहे रे! माझा माणूस जिता आहे! अरे मेल्यांनो, हात आवरा!" ती हारुदाच्या अंगावर आडवी पडली. तिच्या पाठीतही दोन लाथा बसल्याच, कारण मागच्यांना अजून कळले नव्हते. तेवढ्यात पोलीस आले, आणि त्यांनी कोणालाच काही न विचारता ज्याच्या-त्याच्या डोक्यात लाठ्या घातल्या. हारुदाला त्याच नावेत घातले. पलीकडचा काठ येईपर्यंत तो गेला होता.

सुखारी तुरुंगात गेला. बक्षीसाहेबांना दुसरीकडे पाठवले. जाताना ते घोषालबाबूंना म्हणाले, "मला कोणी सांगितलं का नाही, यंत्रं थांबवली की काय होतं ते?" मला पंचनाम्यात नेले, परत आणले, खिळ्याला अडकवले. नवा मॅनेजर आला. यंत्रे खडखडू लागली.

आणि एके दिवशी रामाशीष आला. उजवा हात कोपराच्या वरून गेलेला, गाल बसलेले, पण चालत आला. पलीकडच्या इस्पितळातले कोणी पट्टी बदलू लागले की म्हणे तो हात मागे घ्यायचा. "माझी पट्टी हारुबाबूच बदलणार." दवाखान्याच्या पायरीवर तो येऊन बसला. नवा कंपाउंडर म्हणाला, "हारुबाबू गावी गेलेत, उद्या येतील." बायकोने घरी हेच सांगितले होते. धक्का बसेल, डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत सांगू नका. मेव्हणा सुखारीही कामासाठी आसामात गेला, असे त्याला सांगितले होते. रामाशीष दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि तिसऱ्या दिवशीही. जाणारा-येणारा प्रत्येक जण त्याला बघून मान खाली घालायचा आणि "उद्या" म्हणायचा. सगळी गिरणी घोषालबाबू झाली होती.

घोषालबाबू त्या तिसऱ्या दिवशी मला घेऊन सज्जात आले होते, पाळीची वेळ बदलल्याचे सांगायला. त्यांची नजर पायरीवर गेली. मला काखेत मारून ते खाली उतरले आणि रामाशीषच्या समोर उभे राहिले. गालावरची विटेची खूण अजून लाल होती.

"या, लेबरबाबू. हारुबाबू कधी येतायत, तुम्ही तरी सांगा."

"रामाशीष, हारुदा मेले. तुला पोचवून परत आले, त्याच दुपारी. लोकांना वाटलं तू मेलास, म्हणून जेटीवर त्यांना मारलं. सुखारीनंही मारलं, तो तुरुंगात आहे. तू जिवंत आहेस हे मला माहीत होतं. मी वर उभा राहून खोटं बोललो. म्हणून हे झालं."

ना साखर, ना पाणी. आयुष्यात पहिल्यांदा.

रामाशीष उठला आणि डाव्या हाताने त्यांच्या तोंडात मारली. जीव खाऊन मारली. घोषालबाबूंनी तोंड वळवले नाही. दुसरी मारायला त्याने हात उचलला, पण तो तसाच खाली घेतला. मग तो अंगणाकडे वळून ओरडला, "मी रोज इथं बसतोय! रोज! आणि तुम्ही सगळे मला उद्या-उद्या म्हणताय? कुणी एकानं तरी सांगायचं होतं रे, मी सुतकात आहे म्हणून!"

तो पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. खूप वेळाने त्याने आपला थोटा हात घोषालबाबूंच्या पुढे केला. पट्टी मळून काळी झाली होती. "मग आता ही कोण सोडणार?"

घोषालबाबूंनी मला जमिनीवर ठेवले, त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि पट्टी सोडायला लागले. चिकटलेल्या जागी रामाशीष कळवळला. "दुखतंय का?" त्यांनी विचारले. "दुखतंय," तो म्हणाला. "सोडा तुम्ही."

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, मी आहे तसा गंजेन. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसे येतील, तुम्हालाही वाटेल की वाईट बातमी जरा थांबवावी, गोड करावी, वरच्यांना विचारून द्यावी. तेव्हा एवढे जपा. बातमी ज्याची आहे त्याला ती आधी द्या, आणि स्वतःच्या तोंडाने द्या. ती त्याची आहे. तुम्ही ती अडवून धरली, तर ती तुमच्याकडून हिसकून घ्यायला माणसे येतात, आणि वाटेत जो हारुदा उभा असेल त्याला तुडवून येतात.